पाण्याला दुहेरी, आवाजाला एकेरी



महिला मंडळाच्या ग्रुपवर मी सासूबाईंचं एक पद टाकलं, त्याला आता तीन आठवडे झाले. तेव्हापासून बस्तीत दर्शनाला गेलं की पायरीवर कुणी ना कुणी थांबवतं आणि विचारतं, "आवाज एवढा स्वच्छ कसा आला हो? माइक केवढ्याचा?" उभ्या उभ्या मी "साडेतीन हजारांचा" एवढंच सांगते. ऐकून एकीला ते फार वाटतात, तर दुसरीला वाटतं, एवढ्याशा पैशात कसं काय जमलं? खरं उत्तर लांबलचक आहे. त्यात माझी एक चूक आहे, एक व्रत आहे आणि सासूबाईंशी झालेला एक वादही आहे. म्हणून आज निवांत बसून लिहिते.

आमच्या सासूबाई पेटी वाजवतात. वय ७६. माहेर चिकोडीकडचं, त्यामुळे पदं मराठी असली तरी वळण थोडं कानडी. तीर्थंकरांचे पाळणे, आरत्या, जात्यावरच्या ओव्या. एकही कुठे छापलेली नाही, सगळी त्यांच्या आईकडून तोंडी आलेली. १९८८ साली मामंजींनी टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा सासूबाईंच्या आईला मुद्दाम बोलावून त्यांच्या आवाजात दोन कॅसेटी भरून घेतल्या होत्या. त्या खालच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेत असायच्या.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. आम्ही माणसं वर नेली, धान्य नेलं, शास्त्राची पुस्तकं नेली. ट्रंक राहिली. पाणी ओसरल्यावर कॅसेटच्या फितीला चिखल बसून तिचा गोळा झाला होता. सासूबाईंनी त्या दोन्ही कॅसेटी स्वच्छ पाण्यात धुतल्या, दोन दिवस उन्हात ठेवल्या आणि नंतर पुन्हा कधी त्यांचं नाव काढलं नाही.

पूर्वी त्या काळी पाचमध्ये गायच्या. आता काळी तीनवर आल्यात आणि दोन पदं झाली की थांबावं लागतं. यंदा उन्हाळ्यात मी एका दुपारी त्यांच्याजवळ बसून यादी केली. त्यांना येणारी पदं निघाली तेवीस. मला नीट येत होती चार. म्हणजे एकोणीस पदं एकाच गळ्यात होती.

मी म्हटलं, "आई, सगळी भरून घेऊया."

त्या म्हणाल्या, "कशाला गं? एकदा पाण्यात गेलं ते शिकवूनच गेलं की. धरून ठेवायचा मोह तो. आणि माझा आवाज ऐकायला काय उरलाय आता?"

पुढे आठ दिवसांनी श्रुतपंचमी आली. तुम्हा सगळ्यांना माहीत आहेच, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण जिनवाणीची पूजा करतो. गिरनारच्या चंद्रगुंफेत धरसेनाचार्यांना चिंता लागली की आपल्यानंतर हे ज्ञान राहणार नाही, आणि त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना ते शिकवलं. त्यातून षट्खंडागम लिहिला गेला. पूजा झाल्यावर घरी येताना मी वाटेतच सासूबाईंना म्हटलं, "आचार्यांनी विचार केला असता की हा मोह आहे, तर आज आपल्याकडे काय उरलं असतं?"

त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी सूर्यास्ताआधीचं जेवण उरकल्यावर हात पुसत म्हणाल्या, "धरसेनाचार्यांनी यंत्र नाही आणलं. दोन माणसं बोलावली. तू यंत्र आण, माझं काही म्हणणं नाही. पण शिकायचं तुम्ही दोघींनी. तू आणि तुझी लेक."

मी हो म्हटलं. खरं सांगते, तेव्हा माझं लक्ष त्यांच्या अटीकडे कमी आणि माइककडे जास्त होतं.

आता माझी चूक. गेल्या दशलक्षण पर्वात मी परिग्रह-परिमाण घेतलंय. गरजेपलीकडच्या घरगुती वस्तूंसाठी वर्षाला सहा हजार रुपये, आणि नवी वस्तू घरात आली की एक बाहेर जायची. डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. सहा हजारांतले दीड हजार मी पहिल्याच आठवड्यात घालवले. ऑनलाइन एक सेट दिसला. सोनेरी जाळीचा माइक, टेबलाला अडकवायचा हात, स्पंज, वायर, सगळं एकत्र. फोटो बघून मला वाटलं, झालं काम. आणून लॅपटॉपला लावला आणि सासूबाईंना गायला बसवलं. पेटी एखाद्या डब्यात बंद करून वाजवल्यासारखी ऐकू आली आणि पदाच्या मागे सारखी सर्रर्र, कढईत तेल तापल्यासारखी. परतही घेईनात.

चूक काय झाली ते नंतर दिराच्या मुलानं सांगितलं. तो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. ते जरा समजून घेऊया, म्हणजे तुमचे दीड हजार वाचतील.

माइक मुख्यतः दोन जातींचे. एक डायनॅमिक. त्यात पातळ पडद्याला तारेची बारीक गुंडाळी चिकटवलेली असते आणि ती चुंबकाच्या मध्ये हलते. आवाजाने पडदा हलला की वीज तयार होते. त्याला बाहेरून वीज लागत नाही, धक्के सोसतो, जवळचा मोठा आवाज उत्तम धरतो. स्टेजवर आपण बघतो ते बहुतेक हेच. शुअर कंपनीचा एसएम ५७ हा १९६५ पासून निघतोय आणि अजून वाद्यांसाठी वापरात आहे. दुसरी जात कंडेन्सर. त्यात अगदी पातळ पडदा एका धातूच्या पत्रीसमोर ताणलेला असतो. दोघांमध्ये विजेचा भार लागतो आणि पडदा हलला की तो बदलतो. हा फार तल्लख. बारीक तारेची झणझण, बोट उचलल्याचा आवाज, श्वास, सगळं टिपतो. पण स्टुडिओतल्या या जातीच्या माइकला बाहेरून वीज द्यावी लागते, साधारण ४८ व्होल्टची. ती देणारा आणि आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करणारा वेगळा डबा येतो, त्याला इंटरफेस म्हणतात. माझ्या सोनेरी सेटमधला माइक कंडेन्सर होता आणि त्याची वायर मी सरळ लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घातली होती. उपाशी माणसाकडून पोतं उचलून घेण्यातला प्रकार.

४८ हा आकडा ऐकून मला हसू आलं. भक्तामर स्तोत्राचे श्लोक ४८, सामायिकाची दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं आणि या माइकची वीजही ४८. लेक म्हणाली, "आई, रेकॉर्डिंगचं सेटिंगपण ४८ किलोहर्ट्झ ठेवायचं असतं." सासूबाई म्हणाल्या, "बघ, यंत्रालाही नेम लागतो."

एका रविवारी पुतण्या त्याचे दोन माइक आणि इंटरफेस घेऊन आला. एक डायनॅमिक, एक कंडेन्सर, दोन्ही चांगल्या कंपन्यांचे. आम्ही हॉलमध्ये बसलो. पेटी सासूबाईंची आणि सतार लेकीची. सतार मिरजेची आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या घरात आमच्याच वस्तूला बक्षीस मिळाल्यासारखा आनंद झाला होता. दोन्ही वाद्यं दोन्ही माइकवर भरून बघितली.

डायनॅमिकवर पेटी भरदार आली. पेटीचा आवाज मुळात मोठा, त्यामुळे त्याला काही कमी पडलं नाही. सतारीला मात्र तो अपुरा पडला. सतारीत मुख्य तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात, त्या आपोआप गुंजतात. ती गुंज डायनॅमिकवर जवळजवळ आलीच नाही, आणि आवाज वाढवला की यंत्राचीच सरसर वर आली. कंडेन्सरवर ती गुंज अशी आली की लेक बसल्या जागी उठून उभी राहिली. पण त्याबरोबर पंख्याची घरघर, फ्रीज, रस्त्यावरची रिक्षा आणि शेजारच्या काकूंनी कुणाला तरी मारलेली हाकसुद्धा आली.

मला तो कंडेन्सरच हवासा वाटला. हिशोब केला तर माइक, इंटरफेस, वायर, स्टँड मिळून बारा-तेरा हजार. डायरीत उरले होते साडेचार. रात्री मी ते सगळं ऑनलाइन निवडून ठेवलं आणि मनाची समजूतही घातली, की हे धर्मासाठी आहे, हे काय माझ्या परिमाणात मोजायचं! सकाळी हे सासूबाईंना बोलून दाखवलं. त्या निवडत होत्या त्या तुरीच्या डाळीवरून नजर न काढता म्हणाल्या, "वस्तूचं परिमाण बांधलंस ते चांगलं केलंस. पण हव्यासाला धर्माचं नाव दिलंस, तर त्याचं परिमाण कुणी बांधायचं?"

मी गप्पच झाले. त्या दिवशी सामायिकाला बसले तेही रागातच. डोळे मिटले, पण मन लागेना. मग कान लागले. दोन घटकांत मला आमच्याच घराचे किती आवाज ऐकू आले म्हणून सांगू! फ्रीज दर काही वेळाने सुरू होतो आणि बंद होताना खडखडतो. पंख्याचं एक पातं किंचित घासतं. मोरीतला नळ टपकतो. गल्लीतून घंटागाडी गाणं वाजवत जाते. समोरच्या दुकानाचं शटर वर जातं. आणि हॉलमध्ये नुसतं खाकरलं तरी ते फरशीवर आणि उघड्या भिंतींवर आपटून परत येतं. अठ्ठावीस वर्षं मी या घरात राहते आणि हे कधी ऐकलंच नव्हतं. माइक मात्र पहिल्या मिनिटापासून हेच ऐकत होता.

सामायिक मनासारखं झालं नाही, हे कबूल करते. पण उठल्यावर मी माइक शोधायचं थांबवलं आणि आधी शांतता शोधली.

आमच्याकडे मधली एक खोली आहे, गाद्या ठेवायची. एका भिंतीला गाद्यांची उतरंड, दुसऱ्या बाजूला कपड्यांचं कपाट. तिथे टाळी वाजवून बघितली. आवाज परत आला नाही. मऊ वस्तू आवाज पिऊन टाकतात. उघड्या भिंतीसमोर दोरी बांधून तिच्यावर सासूबाईंच्या हातच्या दोन वाकळा टाकल्या. वेळ ठरवली सकाळी साडेदहा. तोवर घंटागाडी जाऊन गेलेली असते, हे दुकानात आणि लेक शाळेत असते, आणि बस्तीत पूजा म्हणून आल्यामुळे सासूबाईंचा गळा मोकळा झालेला असतो. पंखा बंद. फ्रीज अर्धा तास बंद, दुधाला काही होत नाही. नळाचा वॉशर वीस रुपयांत बदलला.

मग गंमत बघा. नणंदेच्या मुलाचा कॉलरला लावायचा एक माइक घरात पडून होता, बोया कंपनीचा, लांब वायरवाला, हजाराच्या आतला. तो एका काठीला बांधून पेटीसमोर धरला आणि त्या गाद्यांच्या खोलीत मोबाइलवर एक पद भरलं. पुतण्याला पाठवलं. त्याचा फोन आला, "काकू, माझ्या माइकवर हॉलमध्ये भरलेल्यापेक्षा हे चांगलंय. काय घेतलंत?" मी म्हटलं, "वाकळ."

मैत्रिणींनो, या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच. महागडा माइक गोंगाटाच्या खोलीत ठेवलात तर तो गोंगाटच जास्त स्पष्ट ऐकवतो. आधी खोली, मग अंतर, मग माइक.

अंतराचं सांगते. माइक दुप्पट लांब नेला की वाद्याचा सरळ येणारा आवाज सहा डेसिबलने कमी होतो, पण खोलीतला घुमणारा आवाज तेवढाच राहतो. म्हणून लांब ठेवलेल्या माइकवर पेटी विहिरीतून आल्यासारखी वाटते. फार जवळ नेला तर पट्ट्यांची खटखट आणि भात्याचा फस्स आवाज येतो. आम्ही वितीने मोजलं. पेटीपासून दोन वीत वर आणि समोर, भात्यापासून दूर. तोंडापासून दीड वीत. पेटी मोठी, सासूबाईंचा आवाज नाजूक, म्हणून माइक हनुवटीच्या उंचीला नेऊन त्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं आणि पेटी खालून येऊ दिली. दोन-दोन बोटं सरकवून भरायचं, ऐकायचं, पुन्हा सरकवायचं. आमटीत मीठ बघतो ना, तसं. यंत्राचं बटण फिरवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. झांज वाजवणारी मात्र चार हात मागे. झांजेची किनार फार तीक्ष्ण असते. आवाजाची पट्टी लाल रंगात गेली की तिथला आवाज फाटतो आणि फाटलेला पुन्हा शिवता येत नाही, म्हणून सर्वांत मोठा स्वरही उणे बाराच्या आसपास राहील असं बघा.

आता प्रश्न उरला, कॉलरच्या माइकवरच भागवायचं का? तुमच्याकडे फक्त गळा आणि पेटी असेल आणि खोली आतली असेल, तर जरूर भागवा. खरंच सांगते, एक रुपयाही जास्त घालू नका. पण तो चारी बाजूंचं सारखंच ऐकतो. आमच्या खोलीची खिडकी रस्त्यावर आहे आणि लेकीची सतार त्यावर जरा मुकी येत होती. म्हणून मी उरलेल्या साडेचार हजारांत यूएसबीचा कंडेन्सर घेतला. यात इंटरफेसचं काम माइकच्या पोटातच होतं आणि वीजही लॅपटॉपमधूनच मिळते. माइक साडेतीन हजार, आडव्या हाताचा स्टँड साडेसातशे, लांब केबल दोनशे. पन्नास रुपये शिल्लक.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ती सारखी बदलतात. खोक्यावर काय बघायचं ते लिहून ठेवा. कार्डिऑइड लिहिलेलं असावं, म्हणजे समोरचं जास्त आणि पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. आम्ही माइकची पाठ खिडकीकडे करतो. हेडफोन लावायची जागा माइकलाच असावी, म्हणजे माइक काय ऐकतोय ते तेव्हाच कळतं. आवाज कमी-जास्त करायचं बटण असावं. साध्या स्टँडवर बसणारा आटा असावा. दिवे, रंग, गाण्यात घुमारा घालणारी बटणं, यासाठी पैसे देऊ नका. मोबाइलवर भरत असाल तर तो विमान मोडवर टाका, नाहीतर पाळण्याच्या मध्येच नणंदेचा फोन येतो. आमच्याकडे आलाय.

एक घरगुती युक्ती. 'प', 'भ' म्हणताना तोंडातून वारा सुटतो आणि माइकवर थापड मारल्यासारखा आवाज येतो. भरतकामाच्या गोल कड्यात पाणी गाळायच्या नव्या कापडाचा तुकडा ताणून तोंड आणि माइकच्या मध्ये बांधला. सवयीने मी तो दुहेरी घातला होता. आवाज दबला. एकेरी केला, तर मोकळा झाला. सासूबाई म्हणाल्या, "पाण्याला दुहेरी, आवाजाला एकेरी."

आणि एक गोष्ट मला फार हलवून गेली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने आपल्या कार्यक्रमांतून पेटी बंद केली होती. तिचे स्वर ठरलेले, त्यात मींड नाही, श्रुती नाही, असा आक्षेप होता. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे सासूबाई पेटी शिकल्या त्या काळात या वाद्याला रेडिओचा माइक मिळत नव्हता. घराघरांत, बस्तीत, बायकांच्या भजनांत ती वाजत होती, पण माइकसमोर नव्हती. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्या पेटीवरून हात फिरवत नुसत्या हसल्या.

आषाढात आम्ही बसलो. रोज दोनच पदं, त्याहून जास्त त्यांना झेपत नाही. पाऊस वाढला की मागच्या पत्र्यावर ताशा वाजतो, तेव्हा सुट्टी. भाद्रपदात आपलं दशलक्षण आणि गणेशोत्सव एकदमच येतात, मग गल्लीत स्पीकर लागतात, म्हणून त्याआधी संपवायची घाई होती.

सहाव्या दिवशी एक जात्यावरची ओवी भरली. हेडफोन लावून ऐकताना मला प्रत्येक ओळीच्या मध्ये एके ठिकाणी त्यांचा श्वास ऐकू आला. शब्द अर्धा सोडून, जरा ओढून घेतलेला. मला वाटलं, दमल्या. म्हटलं, "आई, उद्या परत घेऊया. मध्ये दम लागतोय तुम्हाला."

त्यांनी हेडफोन मागितला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज असा कानात ऐकत होत्या. ओवी संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दम नाही गं तो. तिथं जातं फिरतं. खुंटा आपल्या अंगाकडे येताना श्वास घ्यायचा आणि लोटताना सोडायचा. माझी आई तशीच म्हणायची. मी जात्याशिवाय म्हणते, तरी तिथंच थांबते." आणि थोड्या वेळाने, "माझ्याच आवाजात तिचा आवाज आहे की."

त्या मला नाही, पेटीला सांगत असल्यासारख्या बोलल्या. मी ओवीचं बटण बंद करायचं विसरले होते. हे सगळं त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, आणि मी ते कापणार नाही.

मात्र त्याच दिवशी मला त्यांची अट कळली. ती ओवी मी चार वर्षांपासून गुणगुणत होते आणि तो श्वास माझ्या गाण्यात नव्हताच. मला शब्द येत होते, चाल येत होती, पण जातं येत नव्हतं. माइकने ते मला ऐकवलं, पण ते कशासाठी आहे हे सांगायला माणूसच लागला. नुसतं भरून ठेवलं असतं, तर माझ्यानंतर ऐकणारीलाही वाटलं असतं, म्हातारीला दम लागला होता. तिने तो श्वास कापूनही टाकला असता.

तेव्हापासून आमचा नेम बदलला. एक पद भरायचं, एक शिकायचं. लेक रविवारी त्यांच्यासमोर बसते. चुकली की त्या पेटी थांबवतात. आजपर्यंत तेवीसपैकी सतरा भरून झालीत. मला अकरा येतात आणि लेकीला सहा. दोन पदांची मधली कडवी सासूबाईंना आठवत नाहीत. ती तशीच अपुरी भरलीत. कुणाच्या आजीकडे पाळण्याची जुनी कडवी असतील, तर बस्तीत मला जरूर सांगा.

भरलेलं तीन ठिकाणी ठेवलंय. लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर नणंदेकडे पुण्याला, आणि आमच्या दोघींच्या गळ्यात. पहिलं पाण्यात जाऊ शकतं, हे आम्ही बघितलंय.

राहिला व्रताचा दुसरा भाग. नवी वस्तू आली की एक बाहेर. मी कपाटं उघडून बघत होते, काय काढावं. सोनेरी सेट कुणाला द्यायचीही लाज वाटत होती. पुतण्याने त्यातला टेबलाचा हात कामाचा आहे म्हणून नेला. सासूबाईंनी विचारलं, "माइक तुला रोज लागणाराय का?" मी म्हटलं, "नाही, दशलक्षणाआधी काम होईल." त्या म्हणाल्या, "मग तोच जाऊ दे की बाहेर."

म्हणून आमची उरलेली सहा पदं झाली की माइक, स्टँड, केबल आणि ते कापडाचं कडं एका पिशवीत घालून महिला मंडळाच्या कपाटात ठेवणार आहे. सोबत एक वही. जिच्या घरी सासू, आई, आजी, मावशी कुणी गात असेल, तिने नाव लिहून पंधरा दिवसांसाठी न्यायचा. पहिलं नाव वहीत आलंसुद्धा. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतल्या एक काकू, त्यांच्या आई ८३ वर्षांच्या आहेत आणि एकतारीवर म्हणतात.

काकूंना मी दोनच गोष्टी सांगितल्यात. आधी गाद्यांची खोली बघा. आणि भरून झालं की आईला विचारा, इथं का थांबलीस?

जय जिनेंद्र!